डावीकडची सावली

हरिहर खातूकडे बिघडलेला टीव्ही नेला की तो आधी टीव्हीकडे बघतच नसे, माणसाकडे बघत असे. रामआळीतल्या आपल्या दुकानात काउंटरवर कोपर टेकवून तो विचारायचा, "रेषा येतात म्हणजे कशा? उभ्या की आडव्या? जागच्या जागी थांबतात की वर सरकतात?" आणि समोरचा गृहस्थ हवेत बोटं फिरवून रेषा काढून दाखवू लागला की त्याला मनापासून आनंद व्हायचा. जाड काळा पट्टा संथपणे वर चढत असेल तर आतला फिल्टर गेला. पांढऱ्या ठिपक्यांची ओळ मधूनच तडतडत असेल तर शेजारणीने मिक्सर लावला. मिरकरवाड्यातले ट्रॉलरवाले वायरलेसवर बोलायला लागले की आसपासच्या घरांतल्या पडद्यांवर बारीक तिरक्या रेषांची जाळी उमटायची. तिला त्याने 'बांगड्याचा काटा' असं नाव ठेवलं होतं, आणि आता गिऱ्हाइकंही येऊन "खातू, काटा आलाय हो," असंच सांगत. दुरुस्तीपेक्षा त्याला निदानाचा सोस अधिक. "ह्यांना नुसतं सगळ्याचं 'का' पाहिजे असतं," असं त्याची बायको म्हणे, आणि ते काही ती कौतुकाने म्हणत नसे.

दोन हजार दोन सालची गोष्ट. रत्नागिरीत तोवर केबल घरोघरी शिरली होती आणि छपरांवरच्या अँटेना एकेक करून उतरत होत्या. झाडगावातल्या कुसुमबाईंच्या छपरावरची मात्र जागची हलली नव्हती, कारण त्यांच्या यजमानांना, म्हणजे भिकाजीरावांना, संध्याकाळच्या बातम्या सोडल्या तर बाकी सगळा टीव्ही म्हणजे नुसता गलका वाटे. कुसुमबाई हरिहरच्या शाळेतल्या बाई. पाटीवर हात धरून त्यांनी त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती, आणि आता त्याचे केस कानशिलांवर पांढरे झाले तरी त्या त्याला अरे-तुरेच करत. शिमगा तोंडावर आला असताना एका सकाळी त्या दुकानात आल्या, हातातली पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हरिहर, टीव्हीत सावली पडते रे."

पडद्यावरच्या माणसाला चिकटून दुसरा फिकट माणूस दिसायला लागला की त्याला सावली म्हणायचं, हेही हरिहरनेच गावाला शिकवलं होतं.

"उजवीकडे ना?" त्याने विचारलं.

"डावीकडे."

"बाई, तुमचं डावं की टीव्हीतल्या माणसाचं डावं?"

"मेल्या, डावं-उजवं तुला शिकवलं कोणी?"

हरिहर जीभ चावून हसला, पण त्याचं डोकं कामाला लागलं होतं. टीव्हीचं चित्र आपण लिहितो तसंच डावीकडून उजवीकडे रेखलं जातं. टॉवरवरून थेट आलेली लहर आपलं चित्र काढते; तीच लहर किल्ल्याच्या डोंगरावर आपटून, वळसा घालून आली की तिला उशीर होतो, आणि तोवर चित्र पुढे सरकलेलं असल्यामुळे तिची फिकट नक्कल उजव्या बाजूला पडते. छपरावरच्या अँटेनाला सावली उजवीकडेच यायची. इतकी वर्षं टीव्ही उघडून बसला, पण डावीकडची त्याने पाहिली नव्हती. बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय असं ठरवून तो त्याच संध्याकाळी स्कूटरवर पेटी बांधून झाडगावला गेला.

चिऱ्याचं बैठं घर, पुढे पडवी, आणि आत शिरल्याशिरल्या खिडकीखाली भिकाजीरावांची खाट. भिकाजीराव बंदर खात्यातले निवृत्त कारकून, ताठ चालणारा माणूस. रोज मांडवीच्या धक्क्यापर्यंत फेरी मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. दिवाळीत फराळाच्या ताटावर बसले असतानाच त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. मूलबाळ नव्हतं. साठी उलटलेल्या कुसुमबाई एकट्याने त्यांना उठवत, पुसत, भरवत, आणि कोणी कौतुक केलं की विषय बदलत. भिकाजीरावांचे डोळे तेवढे पूर्वीसारखे होते, आणि ते डोळे आता पडद्याकडे लागले होते. बातम्या चालू होत्या. बातम्या देणाऱ्या बाईच्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून, तीच बाई पुन्हा फिकट अशी बसलेली होती.

"बघ," कुसुमबाई म्हणाल्या.

हरिहर बघतच राहिला. इतका सुंदर बिघाड त्याच्या आयुष्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकान जवळजवळ वाऱ्यावर सोडलं. छपरावर चढून खाऱ्या वाऱ्याने गंजलेले सांधे घासले, अँटेना चहूकडे फिरवून पाहिली, वायर नवी ओढली. सावली होती तिथेच. मग बाईंचा टीव्ही उचलून रामआळीत नेला, तर तिथे चित्र आरशासारखं स्वच्छ. दुकानातला धडधाकट टीव्ही आणून बाईंच्या घरात ठेवला, तर थोड्याच वेळात त्यातही डावीकडे फिकट माणसं येऊन बसली. म्हणजे दोष टीव्हीत नव्हता, त्या खोलीत होता. चिऱ्यांमध्ये कुठे लोखंड असेल, जमिनीत काही असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला, आणि समजूत पटत नाही याचा त्याला खरं तर हर्षच होत होता.

अशाच एका संध्याकाळी बातम्या संपल्या, आणि निवेदिका कागद आवरून नमस्कार करणार तोच हरिहरला दिसलं की सावलीने हात आधीच जोडले होते. नंतर खऱ्या बाईने जोडले. फरक फार थोडा, पापणी लवण्याएवढा. त्याने डोळे चोळले.

"तुलाही दिसलं ना?" पडद्यावरची नजर न काढता कुसुमबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच वय झालं."

"काहीतरी भास होतोय बाई."

"उजवीकडची सावली मागाहून आलेली असते, असं म्हणाला होतास. मग डावीकडची म्हणजे काय रे?"

हरिहरला आपली वाक्यं आवडत. "डावीकडची म्हणजे आधी पोचलेली," तो ऐटीत म्हणाला. "खरं चित्र आपलं मागाहून येतंय."

त्याला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खाटेकडे पाहिलं, भिकाजीरावांच्या गळ्याजवळची चादर सारखी केली, आणि विचारलं, "लग्नात ते चित्रं काढतात ना, तो कॅमेरा टीव्हीला जोडता येतो काय रे?"

जोडता येतो, आणि तसा कॅमेरा त्याच्या दुकानात आयताच पडलेला होता. त्याचा मेहुणा अनिल लग्नांचं शूटिंग करत असे. त्याच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यात चित्राच्या आडव्या चिरफळ्या पडायला लागल्या म्हणून तो हरिहरकडे आला होता. आतल्या, टेप वाचणाऱ्या हेडवर धूळ बसली होती एवढंच. ती साफ करून हरिहरने तो कपाटात ठेवला होता. बाईंनी विचारलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेरा वायरने थेट जोडला की मध्ये हवा नाही, टॉवर नाही, डोंगर नाही. सावली गेली तर दोष हवेतला. नाही गेली तर काय, हा विचार त्याने पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तिपाई उभी केली, पिवळी पिन टीव्हीत खुपसली आणि खोली पडद्यावर आली: खिडकी, खाट, औषधांचं स्टूल, मध्ये उभा असलेला तो स्वतः. आणि डावीकडे थोडं सरकून, ऊन उतरलेल्या रंगाचा, दुसरा तो.

हरिहरने हात वर केला. सावलीचा हात त्याच्याआधी वर गेला होता. त्याने मान हलवली. सावलीची हलून झाली होती. लहान पोरासारखा तो खूश झाला. आता हिला फसवायचं, असं त्याने ठरवलं. ती जे करील ते आपण करायचंच नाही, मग बघू काय करते. तो हात मांड्यांना चिकटवून, श्वास रोखून उभा राहिला. पडद्यावरच्या सावलीने सावकाश उजवा कान खाजवला. हरिहर मनात म्हणाला, नाही खाजवणार. कान कुठे खाजतोय माझा? असं म्हणताना त्याला गंमत वाटत होती, आणि ती गंमत संपायच्या आत त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं कानावर आहेत.

त्याने हात झटकला. एवढ्या उन्हाळी दुपारीही त्याच्या अंगावर काटा आला. पण भीतीपेक्षा त्याच्यात कुतूहल जास्त होतं, आणि ते काही कमी झालं नाही. तो कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथे तो पडद्यावर दिसत नव्हता, आणि त्याला बरं वाटलं.

"आता ह्यांच्यावर फिरव," कुसुमबाई म्हणाल्या. "जवळून दाखव."

हरिहरने कॅमेरा खाटेवर वळवून चित्र मोठं केलं. पडद्यावर भिकाजीराव उताणे पडले होते, चादरीवर डावा हात दिवाळीपासून होता तसाच निर्जीव. शेजारी त्यांची फिकट सावली. बाई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. खूप वेळ काहीच झालं नाही. मग सावलीच्या डाव्या हाताची करंगळी हलली, तिच्या पाठोपाठ शेजारचं बोट.

कुसुमबाई उठून खाटेशी गेल्या. शाळेत एखाद्या बुजऱ्या मुलाला ज्या आवाजात फळ्यापाशी बोलवत, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, बघा तिकडे. बोटं हलवलीत तुम्ही. हलवून झाली. आता नुसती हलवायची आहेत."

भिकाजीरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि त्यांची करंगळी हलली.

बाई तिथेच खाटेच्या कडेवर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. हरिहरलाही हुंदका आवरला नाही. थोड्या वेळाने डोळे पुसून त्या त्याच्याकडे वळल्या. "हरिहर, हा बिघाड काढू नकोस."

त्याने तो काढला नाही. अनिलला सांगितलं, एक पार्ट मुंबईहून यायचाय. कॅमेरा तिपाईवर तसाच राहिला, आणि बाईंनी तो खाटेवरून कधी हलवू दिला नाही. चित्रही खाटेपुरतंच आवळलेलं. "बाकी काय बघायचंय?" असं त्या म्हणत. सावलीने मूठ वळली, मग भिकाजीरावांनी वळली. सावली कोपरावर उठली, मग ते उठले. तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी इच्छाशक्तीचं फार कौतुक केलं, व्यायाम असेच चालू ठेवा म्हणाले, आणि टीव्हीत काय चाललंय याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पेशंटने स्वतःला बघितलं की त्याला धीर येत असेल, असं हरिहरलाही कधीकधी वाटे. ते पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती: सावली आणि माणूस यांच्यातलं अंतर वाढत चाललं होतं. सुरुवातीला पापणी लवण्याएवढं होतं, मग एका श्वासाएवढं झालं, आणि शिमग्याच्या पालख्या नाचून देवळात परत गेल्या तोवर मध्ये चहाचं आधण उकळून खाली उतरत असे.

एकदा त्याने भीतभीतच विचारलं, "बाई, सावली करील ते सगळंच करावं लागतं, नाय?"

"चांगलंच करतेय की," कुसुमबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की पुढे बोलायचा त्याला धीर झाला नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, पुढे काय होतं हे त्यालाही बघायचंच होतं.

लग्नसराई सुरू झाली आणि अनिल दुकानात येऊन बसला. कॅमेरा आजच्या आज पाहिजे. खेडशीचं लग्न, हळद संध्याकाळी. थापा मारायला जागाच उरली नाही. दुपार कलताना हरिहर झाडगावला गेला, तेव्हा तो बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं याची जुळवाजुळव करत होता. पण दारातच बाईंनी त्याला हाताला धरून आत ओढलं.

"वेळेवर आलास. बघ, बघ."

पडद्यावर खाट होती, खाटेवर भिकाजीराव बसले होते, आणि त्यांच्या डाव्या बाजूची सावली नव्हती. डावीकडे होती ती फक्त रिकाम्या खाटेची फिकट सावली, चादर बाजूला सारलेली.

"आत्ताच उठून गेली," बाई कुजबुजल्या. "दोन्ही पायांनी. मी बघितलं." आणि खाटेशी जाऊन त्यांनी नवऱ्यापुढे दोन्ही हात केले. "चला हो. उठून झालंय तुमचं."

भिकाजीरावांनी चादर बाजूला सारली. पाय खाली सोडले, बाईंच्या हातांचा आधार घेतला, आणि उभे राहिले. गुडघे थरथरले, पण ते पडले नाहीत. मग एक पाय, मग दुसरा, फरपटत का होईना, पण आपला आपण. उंबऱ्यापाशी ते थांबले. मग तोही ओलांडून ते पडवीत गेले आणि खांबाला धरून उभे राहिले. इतक्या महिन्यांनी अंगावर आलेल्या उन्हाकडे बघत त्यांनी तोंड उघडलं आणि एक शब्द बाहेर आला, अडखळत, पण स्पष्ट. "कुसुम."

कुसुमबाई हसत होत्या आणि रडतही होत्या. हरिहर डोळे पुसत आत वळला. आता कॅमेरा न्यायला काही हरकत नव्हती, कोणाचं काही अडणार नव्हतं. त्याला इतकं हलकं वाटलं की तो गुणगुणू लागला. पिशवीत घालण्याआधी कॅमेऱ्याचं भिंग पूर्ण आत घ्यायचं, नाहीतर अडकून बसतं, हे त्याच्या हाताला पाठ होतं. त्याने बटण दाबून धरलं, आणि खाटेपुरतं आवळलेलं चित्र पडद्यावर हळूहळू पसरत गेलं: खाट, स्टूल, खिडकी, उघडं दार, दारापलीकडे पडवी, अंगण आणि थेट फाटक.

खऱ्या चित्रात खाट रिकामी होती. पडवीत खांबाला धरून भिकाजीराव उभे होते, आणि बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

डावीकडे खाट रिकामी नव्हती. तिच्यावर कुसुमबाई उताण्या पडल्या होत्या. त्यांचा चष्मा स्टुलावर काढून ठेवलेला होता, ओठ एका बाजूला ओढले गेले होते आणि डावा हात खाटेखाली लोंबत होता. शेजारी भिकाजीराव गुडघ्यांवर बसले होते. बाईंचा दुसरा हात त्यांनी छातीशी धरला होता, मान वळवून ते दाराकडे बघत होते, आणि त्यांचं तोंड पुन्हापुन्हा उघडत होतं, कोणाला तरी हाका मारल्यासारखं. हरिहरने त्यांची नजर जिथे जात होती तिकडे पाहिलं. पडवीत कोणी नव्हतं. अंगणात कोणी नव्हतं. फाटकापाशी, फिकट उन्हात, एक माणूस स्कूटरला पेटी बांधत होता. अंगात हाच चौकड्यांचा शर्ट. त्याला कसलीच घाई नव्हती. त्याने गाठ ओढून पाहिली, स्कूटरला किक मारली, आणि मागे वळून न बघता तो निघून गेला.

हरिहरने बटणावरचं बोट काढलं. चहा होण्याएवढा वेळ अजून हातात होता. डॉक्टर काही लांब नव्हते. बाईंना खाली बसवायला हवं होतं, त्यांना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं, आणि काहीही झालं तरी इथून हलायचं नव्हतं. त्याने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि तोंड उघडलं.

"हरिहर!" पडवीतून कुसुमबाईंचा आनंदाने भरलेला आवाज आला. "चहा ठेवते रे. आज तुला तसा नाही सोडायची."

"नको बाई, अनिल खोळंबलाय. निघतो मी," हरिहरच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, आणि त्याचे हात सवयीने वायर गुंडाळू लागले.